उकंडाजीची मांजरं

उकंडाजीला मी चार वर्षं रोज पाहिलं, पण बसलेला असा एकदाच पाहिला.

वखारीच्या फाटकाशी खास त्याच्यासाठी एक बाज टाकलेली होती. तिच्यावर मांजरं झोपत, हमाल टेकत, कधी कधी मीही पाठ लावी. उकंडाजी मात्र तिच्याभोवती फिरत राही. जेवायचाही उभ्यानंच. डाव्या हातावर भाकर, भाकरीवर झुणका, आणि डोळे कापसाच्या ढिगाकडे. कुणी म्हटलं, "बसा ना जरा," तर "बसतो ना, बसतो" म्हणत तो वखारीच्या दुसऱ्या टोकाला निघून जाई. पन्नाशीचा, काटकुळा, पोटऱ्यांच्या शिरा दोरीसारख्या वर आलेला माणूस. त्याच्या चालण्यानं फाटकापासून विहिरीपर्यंत एक पायवाट पडली होती, आणि तिच्यावर गवत म्हणून उगवत नसे.

अर्थात त्या दिवसांत अमरावतीत निवांत बसणारा माणूस दुसरा तरी कोण होता? तिकडे अमेरिकेत लढाई जुंपलेली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला, आणि सगळ्यांचे डोळे आमच्या वऱ्हाडातल्या बोंडांकडे वळले. पेठेत गाड्यांना वाट उरली नाही. सकाळी एक भाव, दुपारी दुसरा. न्हाव्यासमोर अर्धी दाढी करून बसलेला माणूस फेस पुसत उठे आणि भाव विचारून परत येई. मी शेटजींच्या वखारीत मुनशी होतो. मुंबईच्या आडत्याला पत्रं लिहायची, एवढंच काम. पण पत्र मध्यावर आलं की भाव बदले आणि मी कागद फाडून पुन्हा ‘श्री’पासून सुरू करी. माझं वय पंचविशीचं, आणि पोटात जळजळ मात्र साठीची. दुपारी जेवलेलं संध्याकाळपर्यंत छातीशी येऊन बसे.

उकंडाजी वखारीचा राखणदार. कापसाला वैरी दोन, आग आणि उंदीर. आगीचा बंदोबस्त त्यानं आपल्या पद्धतीनं केला होता. फाटकातून आत येणाऱ्याच्या तोंडातली चिलीम तो सरळ काढून घेई, मग तो गाडीवान असो की शेटजींचा व्याही. व्याह्याची चिलीम चांदीच्या कड्याची होती. तिच्यावर पाण्याचा गडवा रिकामा करून उकंडाजीनं ती नम्रपणे परत दिली आणि म्हणाला, "जाताना भरून घ्या." त्यावर शेटजी आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत. उकंडाजीच्या ते ध्यानातही आलं नसावं.

उंदरांसाठी मांजरं होती. अंगणात बाया रेच्यांवर कापसातली सरकी काढीत बसत आणि त्या सरकीच्या वासानं सगळ्या पेठेतले उंदीर आमच्याकडे मुक्कामाला येत. ढिगाच्या पोटात घरं करून कापूस कुरतडत, नासवत. म्हणून उकंडाजीनं आपल्या गावाहून, भातकुलीहून, टोपलीत घालून तीन मांजरी आणल्या. पांढरी ती ढवळी. गुबगुबीत ती बोंडी. आणि करड्या रंगाची, घाऱ्या डोळ्यांची ती कवडी. तिघींना तो ‘बाई’ म्हणे. "बाई, त्या कोपऱ्यात पाह्यलं का? काल तिथं खुडबुड होती." आणि कवडी खरोखर त्या कोपऱ्याकडे चालू लागे. मला मांजरांचा तिटकारा. कवडी नेमकी माझ्या वाळत घातलेल्या पत्रांवर येऊन झोपे, आणि मुंबईच्या आडत्याला माझ्या अक्षरावर तिच्या पावलांची मोहोर जाई. मी हाकललं की उकंडाजी दुखावल्या आवाजात म्हणे, "मुनशीजी, ते तुमच्यापेक्षा जास्त काम करून राहिली." ते खरं होतं, म्हणून जास्त झोंबे.

त्याच्या नावाची हकीकत त्यानंच मला सांगितली, विहिरीपर्यंतच्या चार फेऱ्यांत मिळून. एका जागी उभं राहून त्यानं कधीच काही पुरतं सांगितलं नाही.

"चार लेकरं गेली माह्या मायची. मी झालो तवा सुईनीनं मले उकिरड्यावर टाकलं. शेजारच्या बाईनं उचललं. मंग मायनं सुपभर जवारी देऊन मले तिच्यापासून इकत घेतलं, कपायाले शेंदूर लावला आन नाव ठेवलं उकंडा. यमाले वाटलं, हे कचऱ्यातलं हाये. त्यानं पाह्यलंच नाई. म्हनून मी हाये."

यात त्याला गंमत वाटत नसे. तो जिवंत होता तो नजर चुकवून, ही त्याची पक्की खात्री होती, आणि त्याची सगळी धडपड म्हणजे जे जे त्याला प्रिय ते ते जगाच्या नजरेतून चुकवायचं. कुणी कशाला चांगलं म्हटलं की तो कासावीस होई. एकदा मुंबईहून मोठा खरेदीदार आला. त्यानं मूठभर कापूस हातात घेतला, तंतू ओढून पाहिले आणि म्हणाला, "वा, माल झकास आहे." शेटजींचा चेहरा उजळला, तेवढ्यात मागून उकंडाजी म्हणाला, "कायचा झकास? गेल्या सालचा पाहाले पायजे होता. यंदा नुसता कचरा हाये." खरेदीदारानं मूठ उघडली. कापूस खाली पडला. पुढचे दोन तास शेटजींनी त्याला सरबत पाजून समजावलं आणि मला उकंडाजीला विहिरीकडे गुंतवून ठेवायला पाठवलं. तिथं तो मला म्हणाला, "मुनशीजी, मी वाचवलं मालाले. तो मानूस पाहून राहिला होता ना, त्याची नजर लय वाईट."

फाटकाशी मारुतीचा एक दगड होता. दर शनिवारी उकंडाजी त्याला तेलात कालवलेला शेंदूर लावी. मग तेच बोट तराजूच्या काट्याला, मग दाराच्या चौकटीला, आणि मग तिन्ही मांजरींच्या कपाळाला. मांजरी वखार राखत होत्या, म्हणून मान त्यांचाही. पहिल्या वर्षी हे फक्त दसऱ्याला होतं. भाव चढला तसं दर शनिवारी झालं. आणखी चढला तसं मंगळवारीही. सगळ्या गावाचे डोळे आपल्या वखारीवर आहेत असं त्याला वाटे, आणि गावाकडे पाहता ते अगदीच खोटं नव्हतं. शेटजींनाही हे पसंत होतं. ते येता जाता कवडीच्या कपाळाकडे पाहत आणि शेंदूर ओला दिसला की समाधानानं पुढे जात.

ढवळी गेली ती वेचणीच्या ऐन धामधुमीत. आधी खाईना. मग पिवळा फेस ओकू लागली. पाण्याच्या वाडग्याशी तोंड नेऊन नुसती बसे, पीत नसे. पोटाला हात लावला की गुरगुरे, ती, जी कधी कुणावर गुरगुरली नव्हती. उकंडाजीनं तिला दूध पाजलं, तूप घातलेला भात भरवला, आणि नजर लागली म्हणून कपाळावर रोज जाड शेंदूर थापला. आठव्या दिवशी ती बाजेखाली मेली. वखारीमागच्या कडुलिंबाखाली त्यानं तिला मीठ घालून पुरलं. महिनाभरात बोंडीही त्याच वाटेनं गेली. तोच फेस, तेच कुबड काढून बसणं, तेच दूध, तोच शेंदूर. त्या महिन्यात उकंडाजीच्या फेऱ्या इतक्या वाढल्या की रेच्यावरच्या बाया म्हणाल्या, याच्या पायाला रेचा बांधला तर आमचं काम निम्मं होईल. तो हसला नाही.

मग कवडी ओकू लागली.

त्या सकाळी तिला टोपलीत घालून, वर आपला पंचा झाकून तो माझ्यासमोर उभा राहिला. "चाला मुनशीजी. हकीमसाहेबाकडे. तुमचं पोटही दाखवून घ्या." मला कळलं, माझं पोट हे निमित्त होतं. मांजर घेऊन एकट्यानं हकिमाच्या दारात जायची त्याला लाज वाटत होती. मी गेलो. पेठेत लोक टोपलीतलं म्यांव ऐकून हसत होते आणि उकंडाजी कुणाकडेही न पाहता झपझप चालला होता.

हकीमसाहेब म्हातारे, पांढऱ्या दाढीचे, निजामी राजवटीपासून गावात असलेले. मांजर पाहून ते आधी हसले. पण उकंडाजीचा चेहरा पाहून थांबले. त्यांनी कवडीच्या पोटावरून दोन बोटं फिरवली. तिनं अंग आकसलं. हिरड्या पाहिल्या, श्वासाचा वास घेतला.

"मेद्याला, पोटाच्या पिशवीला सूज आहे," ते म्हणाले. "काय खाते?"

"दूध. तूप-भात. मी सोता भरवतो," उकंडाजी अभिमानानं म्हणाला.

"दूध बंद. तूप बंद. आज दिवसभर काहीच नाही. उद्या घोट घोट पाणी. ओकली नाही तर भाताची पेज, पातळ, चमचा चमचा. सुजलेल्या मेद्यावर दूध घालतोस, मियाँ, ते जखमेवर मीठ आहे." मग कवडीकडे पाहत हळूच म्हणाले, "पण ही सूज दुधानं आलेली नाही. कुछ तो खा रही है ये."

"माह्याच हातचं खाते ते. दुसऱ्या कोनाच्या हातचं खात नाई."

"मग तुझ्याच हातचं काहीतरी."

उकंडाजी टोपली उचलून बाहेर पडला. माझ्या पोटाला हकिमांनी तीच पेज सांगितली, आणि मी कबूल करतो, मलाही तिनंच बरं वाटलं.

तुझ्याच हातचं, हे शब्द त्याला फार लागले. तो परत आला तो भांडायलाच. रेच्यावरच्या यशोदाबाईला त्यानं विचारलं, "तू माश्याचं डोस्कं टाकलं का तिच्यापुढं?" यशोदाबाई जातीची माळीण, गळ्यात तुळशीची माळ. तिनं त्याला असं काही ऐकवलं की चार बाया रेचे थांबवून ऐकत राहिल्या. मग त्यानं पाण्याचा माठ फोडून नवा आणला. शेजारच्या वखारीत उंदरांसाठी विष ठेवलंय का, म्हणून तिकडे जाऊन हात जोडून आणि नंतर काठी उगारून विचारलं. सरकीचं एक एक बी वेचून चावून पाहिलं. या धावपळीत शेंदूर लावायचंही राहून गेलं. आणि कवडीचं खाणं मात्र हकिमांनी सांगितलं तसं. दिवसभर उपास. मग पाणी, शिंपल्यातून. मग पेज. बुधवारी तिनं उलटी केली नाही. गुरुवारी ती बाजेवर चढली. शुक्रवारी ती माझ्या पत्रावर येऊन झोपली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा तिला हाकललं नाही.

शनिवारी त्यानं मारुतीला शेंदूर लावला. काट्याला लावला. चौकटीला लावला. कवडीला उचललं, कपाळावर बोट टेकवलं, खाली ठेवलं आणि फेऱ्या घालू लागला. पण त्या आठवड्यात त्यानं तिच्यावरची नजर क्षणभर काढली नव्हती, ती आताही काढली नाही. मी ओसरीवर पत्र लिहीत होतो.

कवडी उन्हात बसली. तिनं उजवा पंजा चाटला. पंजा कपाळावरून फिरवला. पुन्हा चाटला. पुन्हा फिरवला. मांजर तोंड धुतं तसं, अगदी रोजच्यासारखं. पंजा तांबडा झाला. जीभ तांबडी झाली. कपाळ स्वच्छ झालं.

उकंडाजी चालता चालता थांबला. बाजेशी आला. आणि बसला.

मी लेखणी ठेवली. तो आपल्या उजव्या हाताची तर्जनी समोर धरून पाहत होता. नखात शेंदूर होता. मला त्या बोटाकडे बघवलं नाही. हकिमांनी "काय खाते" विचारलं होतं; शेंदूर खायची वस्तू नव्हती, म्हणून त्याच्या काय, आमच्या कुणाच्याच मनात तो आला नव्हता. जितकी मांजर आजारी, तितका शेंदूर जाड. जितका शेंदूर जाड, तितकी मांजर आजारी.

मग तो उठला, बेसन आणलं आणि कवडीचं कपाळ, पंजे, मिशा कोमट पाण्यानं धुतल्या. तिनं त्याचा हात ओरबाडून रक्तबंबाळ केला. तो "ओरबाड बाई, ओरबाड" म्हणत राहिला. पुन्हा तीन दिवस उपास, पाणी, पेज. या वेळी ती हळू सुधारली, पण सुधारली. पुढच्या शनिवारपासून मारुतीला शेंदूर लागे, काट्याला लागे, आणि उकंडाजी हात राखेनं घासून, तीनदा धुऊन मगच तिला उचली. शेटजींनी तिच्या कोऱ्या कपाळाबद्दल विचारलं की ‘पुसून टाकते ते’ म्हणे.

"मुनशीजी," तो एकदा मला म्हणाला, "तुमी पाह्यलं. कोनाले सांगू नका."

मी म्हटलं, "उकंडाजी, तुम्ही मुद्दाम थोडंच केलं?"

"मुद्दाम केलं असतं तं बरं होतं. मंग मी वाईट मानूस झालो असतो, सरलं. मी तं त्यायचं भलं करून राहिलो होतो." विहिरीपर्यंत जाऊन तो परत आला. "मांजर मारलं त्यानं काशीले जा लागते म्हनतात. दोन मारल्या त्यानं कुठं जा लागते?"

त्या दिवसांत लोक मांजर मारल्याच्या पापाला फार भीत. गावकीत त्याच्या हातचं पाणी बंद झालं असतं. मी गप्प राहीन असं वचन दिलं, आणि ते पाळणं मला तेव्हा सोपं वाटलं.

रेल्वे अकोल्यापर्यंत आली तशी शेटजींनी तिथं स्टेशनाजवळ दुसरी वखार बांधली. पहिला माल उतरायच्या आधी उकंडाजीनं आणि कवडीनं तिकडे जावं असा हुकूम झाला. शेटजींचा कवडीवर फार विश्वास बसला होता. तिच्या पायगुणानं आपली भरभराट झाली, असं ते चारचौघांत सांगत, आणि ते ऐकून उकंडाजी तिला पंच्याखाली झाकी. मी पत्रव्यवहारासाठी बरोबर होतो. मूर्तिजापुरावरून बैलगाडीनं तीन दिवस गेलो. उकंडाजी बहुतेक वाट गाडीशेजारून चालला आणि टोपली गाडीत माझ्या मांडीवर होती. मांजराचा तिटकारा असलेल्या माणसाला यापेक्षा मोठी शिक्षा नाही, असं मी त्याला म्हटलं. तो म्हणाला, "शिक्षा तुमाले नाई, तिले हाये." त्या महिन्यात तो एवढंच हसला.

मुहूर्ताच्या दिवशी अकोल्याची सगळी पेठ लोटली. नवी चौकट, नवा तराजू, फाटकाशी नवा मारुती, भटजी, वाजंत्री. शेटजींनी ताट हाती घेतलं. मारुतीला शेंदूर लावला, काट्याला लावला, चौकटीला लावला. मग म्हणाले, "आमची कवडी कुठाय? आणा तिला. आज मी माझ्या हातानं लावणार."

लोक हसले. कुणीतरी टोपली पुढे सरकवली. शेटजींनी बोट शेंदरात बुडवलं, चांगलं पेरभर, आणि खाली वाकले.

उकंडाजी मध्ये उभा राहिला.

"नाई शेटजी."

"काय नाई?"

"तिले नका लावू. माह्या कपायाले लावा पायजे तेवढा. तिले नाई."

वाजंत्री थांबली. शेटजींचं बोट तसंच होतं, त्यावरून तेलाचा थेंब खाली पडला. भटजी हळूच म्हणाले, मुहूर्त टळतो आहे. शेटजी दात आवळून म्हणाले, "उकंडा, बाजूला हो. अपशकुन करू नकोस."

तो अजूनही गप्प राहू शकला असता. टोपली उचलून मागे पळाला असता, तरी कुणी काही म्हटलं नसतं. त्याचं वेड सगळ्यांना ठाऊक होतं. पण तो सरळ उभा राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"ते चाटते ना शेटजी, मंग पोट सुजते तिचं. ढवळी मेली, बोंडी मेली, त्या माह्या हातानं मेल्या. मीच शेंदूर लावत होतो. हे तिसरी हाये. हे नाई मरू देत मी."

जमलेली माणसं एक पाऊल मागे सरली. भटजींनी आपलं सोवळं आवरून घेतलं. मांजरं मारलेला माणूस, ऐन मुहूर्ताला, चौकटीत. शेटजींनी बोट आपल्या उपरण्याला पुसलं. ते माझ्याकडे वळले.

"मुनशी, तू रोज तिथंच बसायचास. हा म्हणतो ते खरं आहे? शेंदरानं मेल्या?"

मी पाहिलं होतं. हकिमांचे शब्द माझ्या कानांनी ऐकले होते. हा माणूस पापी नाही, यानं जीव वाचवलाय, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. त्यानं गप्प राहायला सांगितलं होतं ते स्वतःच्या तोंडानं मोडून टाकलं होतं. मला वचनाचंही निमित्त उरलं नव्हतं. उकंडाजी माझ्याकडे पाहत होता. मी शेटजींच्या जोड्यांकडे पाहत म्हटलं, "मी लिहिण्यात असतो, शेटजी. मला काही ठाऊक नाही."

"चालता हो," शेटजी उकंडाजीला म्हणाले.

त्यानं टोपली उचलली. माझ्या जवळून जाताना तो क्षणभर थांबला. रागावला असता तर मला सोसलं असतं. तो नुसता म्हणाला, "येतो मुनशीजी. पेज खात जा." आणि कापसाच्या गाड्या आत येत होत्या, त्यांच्या बैलांच्या शिंगांमधून वाट काढत, टोपली छातीशी धरून, अमरावतीच्या रस्त्याला लागला. मी फाटकापर्यंतही गेलो नाही.

आतून शेटजींनी हाक मारली. मुंबईला पत्र जायचं होतं. मी ‘श्री’ काढला आणि खाली लिहिलं, मुहूर्त निर्विघ्न पार पडला. त्या दिवशी भाव बदलला नाही, आणि मला ते पत्र फाडावं लागलं नाही.